गोलंदाज

लहानपणी माझी अशी समजूत होती की आमचे आबा क्रिकेट खेळत असत.

त्याचे झाले असे. मी दुसरीत असताना बाईंनी वर्गात प्रत्येकाला विचारले, "तुझे आजोबा काय करीत होते?" मला माहीत नव्हते. घरी येऊन आबांना विचारले, तर ते म्हणाले, "मी गोलंदाज व्हतो." दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत वर्गात सांगितले की, माझे आजोबा फास्ट बोलर होते. बाई हसल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन ही हकीकत सांगितली तेव्हा आबा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "चेंडू न्हाय रं, गोळा. एक ऐंशी पौंडी, एक शंभर पौंडी. छातीशी धरून पळायचं."

मित्रहो, 'गोलंदाज' हा शब्द आपण आता क्रिकेटला देऊन टाकला आहे. तोफेचे तर त्याहून वाईट झाले. निवडणुका आल्या की 'अमुक साहेबांची मुलूखमैदान तोफ आज हडपसरात धडाडणार' असे फलक लागतात. खरी मुलूखमैदान १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ओतली आणि ती आज विजापूरच्या तटावर आहे, हे फलक लावणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. तोफ आपल्या भाषेत राहिली ती आवाजापुरती. ती कोणी ओढली, कोणी भरली, कोणी रोखली आणि कोणावर रोखली, हे प्रश्न गळून पडले. या लेखात मला तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आहेत. कारण आमच्या घरापुरते तरी ते सुटलेले नाहीत.

गेल्या वर्षी मी अकरावी-बारावी पार करून कला शाखेच्या प्रथम वर्षात आलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. या आनंदात आबा म्हणाले, "चल, तुला माझी तोफ दाखवतो." आम्ही गाडीतळावरून बस धरली आणि छावणीत उतरलो. तिथल्या एका फाटकाशी चुन्याने रंगवलेल्या विटांच्या कुंपणात एक तोफ उभी आहे. हिरवा तेलरंग, तोंडाला झाकण, चाकांना काळा रंग. नळीच्या दोन्ही बाजूंना दोन उंच दांडे बैलाच्या शिंगांसारखे वर गेलेले. आबांनी लांबूनच ओळखली. "ही बघ शिंगं. साडेपाच इंची."

पहाऱ्यावरचा जवान पुढे आला. आबांनी त्याला आपली ओळख सांगितली. त्याने पाय जुळवून "राम राम, साब" म्हटले आणि बाजूला झाला. आबा साहेब कधीच नव्हते. ते साधे गनर म्हणून भरती झाले आणि नाईक म्हणून बाहेर पडले. पण त्या एका शब्दाने त्यांचे डोळे भरून आले.

तोफेशेजारी पाटी होती. तीवर नळीचा व्यास, वजन, पल्ला, गोळ्याचे वजन असे सारे लिहिलेले होते. आबांनी मला ती मोठ्याने वाचायला लावली, कारण त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने अर्धेच येते. मी ओरडून वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "आन् माणसं?" मी पुन्हा पाहिले. पाटीवर माणूस नव्हता.

त्या दिवसापासून मी या तोफेच्या मागे लागलो. ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले आणि जे वाचले ते आबांना विचारून पडताळले. ही तोफ दोन महायुद्धांच्या मधल्या काळाचे अपत्य आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने असे गृहीत धरले की, पुढील दहा वर्षांत मोठे युद्ध होणार नाही. हा 'दहा वर्षांचा नियम' १९३२ पर्यंत चालला. तोपर्यंत जुनी साठ पौंडी तोफ आणि सहा इंची हॉवित्झर यांच्यावरच भागवले गेले. हिटलरची पावले ऐकू येऊ लागल्यावर धावपळ सुरू झाली. सोळा हजार यार्ड, म्हणजे सुमारे साडेचौदा किलोमीटर मारा करील अशी नवी तोफ हवी, अशी मागणी १९३९ च्या आरंभी नक्की झाली. नळी ठरली, गाडा मात्र जमेना. नळी उंच उठवावी तर तिचा तोल सांभाळायला ती दोन शिंगे, म्हणजे आत स्प्रिंग असलेले दांडे, लावावे लागले. शेवटी १९४२ मध्ये आफ्रिकेच्या वाळवंटात ती पहिल्यांदा रणात उतरली. वजन सहा टनांच्या आसपास. शंभर पौंडी, म्हणजे पंचेचाळीस किलोचा गोळा ती सुमारे पंधरा किलोमीटर फेकी. पुढे आलेला ऐंशी पौंडी, म्हणजे छत्तीस किलोचा गोळा साडेसोळा किलोमीटरपर्यंत जाई. लोकमान्यांनी ज्या मंडालेत तुरुंगवास भोगला, त्याच मंडालेच्या किल्ल्याच्या भिंती १९४५ च्या मार्चमध्ये हिच्या गोळ्यांनी अगदी जवळून फोडण्यात आल्या. स्वातंत्र्यानंतर ती आपल्या सैन्यात राहिली. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत ती लढली.

आबा १९६७ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी भरती झाले. म्हणजे आज माझे जे वय आहे त्याच वयाचे. शिक्षण चौथी. कालव्याच्या पाण्यावरचा भाजीचा मळा तीन भावांत पुरत नव्हता, म्हणून ते नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात गेले. तिथून एका मीडियम रेजिमेंटमध्ये.

एका तोफेवर दहा माणसे. गोळा दारूपासून वेगळा. आधी गोळा नळीत ठोकून बसवायचा, मग दारूची पिशवी सरकवायची, मग मागचा अडसर बंद. एका मिनिटाला दोन गोळे हा चांगला वेग समजत. नळी गाड्यावर डावीउजवीकडे तीस-तीस अंश फिरे. त्यापलीकडचे लक्ष्य आले की सहा टनांचे ते धूड शेपटीकडून उचलून वळवावे लागे. आबांचे काम गोळा आणून देण्याचे. मी विचारले, "कानात बोटं नव्हता घालत?" ते म्हणाले, "हात मोकळे असतील तर घालायची." मी विचारले, "एका दिवसात किती गोळे?" ते म्हणाले, "मोजायचं काम माझं नव्हतं."

या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार करीत आहे.

सिनेमात दिसते तशी तोफ समोरच्या शत्रूवर डोळ्यांनी नेम धरून डागत नाहीत. पंधरा किलोमीटरवरचे काय दिसणार? पुढे कोठेतरी झाडावर किंवा टेकडीवर एक अधिकारी दुर्बीण घेऊन बसलेला असतो. तो वायरलेसवर सांगतो. मागे टेक्निकल असिस्टंट नावाचा शिपाई नकाशाचा फळा, कोष्टके आणि मोजपट्टी घेऊन हिशेब मांडतो. अंतर, दिशा, उंचीतला फरक, वारा कोठून, हवा किती गरम, दारू किती गरम, नळी किती झिजलेली, हे सारे त्या हिशेबात येते. मग आकडे तोफेवर येतात आणि आकड्यांप्रमाणे नळी वर-खाली, डावी-उजवी होते. म्हणजे तोफ ही लोखंडाची दिसली तरी ती चालते गणितावर. आबांना टेक्निकल असिस्टंट व्हायचे होते. त्यासाठी मॅट्रिक लागे. चौथीवर गोळा उचलायला मिळे. "त्यो पोरगा फळ्यावर टाचणी टोचायचा," आबा सांगतात, "आन् त्याच्या टाचणीपायी आमी धा जण घामाघूम."

मला येथे आपल्या हडपसरचा इतिहास आठवतो. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, आपल्या याच परिसरात यशवंतराव होळकर एका बाजूला आणि शिंदे व दुसरा बाजीराव दुसऱ्या बाजूला असे मराठेच एकमेकांवर तोफा डागत होते. होळकर जिंकले, बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईच्या तहावर सही करून मोकळा झाला. आपण एवढे शाळेत शिकतो. पण त्या लढाईत दोन्हीकडच्या कवायती पलटणींवर युरोपीय अधिकारी होते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. तोफा आपल्या, दारू आपली, मरणारे आपले. शास्त्र मात्र भाड्याने आणलेले. असे नेहमीच होते असे नाही. येथून दिवे घाट चढून गेले की सोनोरीवर मल्हारगड लागतो. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे सरदार यांनी तो १७५७ ते १७६० या काळात बांधला. म्हणजे तोफखाना संभाळणारी माणसे आपल्या शेजारच्या डोंगरावर होती. पण पुढच्या चाळीस वर्षांत आपण शास्त्र उसने घेण्यात समाधान मानू लागलो.

इंग्रजांनी या गोष्टीचे मोल आपल्यापेक्षा चांगले ओळखले होते. १८५७ चा उठाव मोडल्यावर त्यांनी हिंदी शिपायाच्या हातात बंदूक ठेवली, पण तोफ काढून घेतली. अपवाद मुख्यतः पहाडी तोफखान्याचा, खेचरांवरून न्यायच्या हलक्या तोफांचा. आपल्या मुंबई इलाख्यात २८ सप्टेंबर १८२७ रोजी उभी राहिलेली गोलंदाजांची कंपनी अशीच पहाडी तोफखाना म्हणून टिकली. आजही तोफखान्यात २८ सप्टेंबर हा 'गनर्स डे' म्हणून पाळतात. बाकी मैदानी तोफांना हिंदी गोलंदाजाचा हात लागायला १९३५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी १५ जानेवारीला बंगलोरला 'ए फील्ड ब्रिगेड' उभी राहिली. १८५७ पासून १९३५ पर्यंत अठ्ठ्याहत्तर वर्षे होतात. तोफखान्यातल्या सुरुवातीच्या हिंदी अधिकाऱ्यांपैकी एक, कुमारमंगलम, पुढे सरसेनापती झाले. आबा भरती झाले तेव्हा तेच सरसेनापती होते.

आता कोणी म्हणेल, इंग्रज तर गेले. मग तक्रार कशाची? तक्रार नाही, पण एक गोष्ट लक्षात आणून द्यायची आहे. इंग्रजांनी जे हुकुमाने केले ते आपल्याकडे गरिबीने चालू राहिले. फळा एकाच्या हाती आणि गोळा दुसऱ्याच्या छातीशी. ज्याच्या घरी मॅट्रिक झालेला कोणी नव्हता त्याचा मुलगा पिढ्यान्‌पिढ्या गोळ्याकडेच जाणार. माझे वडील येथल्याच एका लहान कारखान्यात लेथवर काम करतात. कोणत्या यंत्राचा भाग आपण कातला आणि तो कोठे गेला, हे त्यांनाही माहीत नसते. आबांसारखेच तेही म्हणतात, ते सांगायचे काम माझे नाही.

आणि आता तर तोफच बदलली आहे. आपल्या पाषाणच्या आयुध संशोधन संस्थेने भारत फोर्ज आणि टाटा या कंपन्यांना बरोबर घेऊन १५५ मिलिमीटरची नवी तोफ सिद्ध केली. तिचा पल्ला पंचेचाळीस किलोमीटरच्या पुढे जातो. १९८६ साली चारशे दहा तोफा स्वीडनकडून विकत घेणाऱ्या देशाने मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांचा करार देशातल्याच कारखान्यांशी केला. भारत फोर्जचा कारखाना मुंढव्याला, आपल्या हाकेच्या अंतरावर. याचा मला अभिमान वाटतो. १८०२ साली येथे जे शास्त्र भाड्याने आणावे लागले ते आज येथेच जन्माला येत आहे, ही लहान गोष्ट नव्हे. पण नव्या तोफेचा गोळाही पंचेचाळीस किलोच्या घरातलाच आहे आणि तो हाताळायला विजेवर चालणारी यंत्रणा आहे. म्हणजे आबांची जागा यंत्राने घेतली. चौथी शिकलेल्याला त्या तोफेजवळ काहीही काम नाही. आता फळ्यापर्यंत पोहोचायचे, नाहीतर फाटकाबाहेर उभे राहून टाळ्या वाजवायच्या, एवढेच आमच्यापुढे उरले आहे.

यावर आमचे नातेवाईक मला विचारतात (आणि सरळ तोंडावर विचारतात), "मग तू बी.ए. कशाला करतोस? आयटीआय कर, डिप्लोमा कर. बी.ए. होऊन काय दिवे लावणार?" प्रश्न खोटा नाही. माझ्या घरची परिस्थिती पाहता तो मला रात्री झोपूही देत नाही. पण त्याचे उत्तर मला आबांनीच दिले. ते उत्तर देत आहेत हे त्यांना ठाऊक नसताना दिले.

छावणीतून परत येताना मी विचारले होते, "आबा, तुम्ही कुणावर गोळे टाकले?" ते म्हणाले, "नकाशावर." मला वाटले थट्टा करतात. मग बस भैरोबा नाल्यापाशी सिग्नलला थांबली तेव्हा ते आपण होऊन बोलू लागले. १९७१ च्या डिसेंबरात ते पंजाबच्या सीमेवर होते. १७ तारखेला शस्त्रसंधी झाली. काही दिवसांनी त्यांच्या तुकडीला पुढच्या भागात जावे लागले. तिथे एक उसाचे शेत होते. "आपल्या मळ्यावानीच. वाफं पाडल्यालं, पाट काढल्याला. मधी खड्डं. येका खड्ड्यात मोट पडली व्हती, इहीर न्हवती ऱ्हायली. मी वळखलं, ह्यो आपल्या गोळ्याचा खड्डा." थोडा वेळ थांबून म्हणाले, "शत्रू व्हता म्हणून टाकला. टाकायलाच पायजे व्हता. पन ती इहीर कुनी खणली आसंल, त्यो इचार आजून जात न्हाय."

चोपन्न वर्षे एक चौथी शिकलेला माणूस हा विचार एकटाच वागवीत आहे. तोफ डागायला नको होती असे तो म्हणत नाही. आणि डागली म्हणून छातीही फुगवीत नाही. माझ्या पाहण्यात दोन प्रकारचे लोक येतात. एक म्हणतात, युद्ध म्हणजे वेडेपणा, तोफा वितळवून नांगर करा. त्यांना मी विचारतो, १९७१ साली आणि १९९९ साली कारगिलला काय करायचे होते? दुसरे म्हणतात, गोळे टाका, बेचिराख करा. हे बहुतेक मोबाइलवर म्हणतात आणि त्यांचे कान शाबूत असतात. दोघांपेक्षा आबांना जास्त कळले आहे, असे माझे नम्र मत आहे. गोळा किती दूर जाईल हे गणित सांगते. तो टाकावा की नाही, तो कोणाच्या विहिरीत पडला आणि टाकणाऱ्याच्या मनात काय उरले, हे इतिहास, राज्यशास्त्र आणि साहित्य यांनी सांगायचे असते. म्हणून मी बी.ए. करतो. फळ्याचे दोन भाग आहेत. आमच्या घराला दोन्ही मिळाले नव्हते. माझी धाकटी बहीण विज्ञान शाखेला गेली आहे. पहिला भाग ती घेईल. दुसरा मी घेतो.

आता शेवटी एक सूचना करतो आणि हा लेख पुरा करतो. आपल्या महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दर वर्षी घाटाखालच्या आणि घाटावरच्या गावांत जातात. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. ते चांगलेच आहे. पण या गावांत आबांसारखे कितीतरी म्हातारे आहेत. कोणी तोफखान्यात होते, कोणी पायदळात, कोणी नुसते स्वयंपाकी किंवा ड्रायव्हर. ते ऐंशीच्या घरात आले आहेत. त्यांची पुस्तके कोणी लिहिणार नाही. एका शिबिरात प्रत्येक विद्यार्थ्याने एका माजी सैनिकाशेजारी बसून त्याचे बोलणे त्याच्याच भाषेत उतरवून घ्यावे आणि त्या वह्या आपल्या ग्रंथालयात ठेवाव्यात. इतिहास विभागाच्या सरांनी मनावर घेतले तर हे काम दोन वर्षांत उभे राहील. खर्च वह्यांचा आणि एस.टी.च्या भाड्याचा.

मी सुरुवात केली आहे. शंभर पानी वहीची एकेचाळीस पाने झाली. पहिल्या पानावर आबांनी सांगितलेली त्या तोफेवरच्या दहा जणांची नावे आहेत. सात त्यांना लगेच आठवली, दोन रात्री उशिरा आठवली. दहावे आठवत नाही. तो मुलगा फार बोलत नसे आणि दारूच्या पिशव्या आणून देई, एवढेच ते सांगतात. त्या जागी मी ओळ मोकळी ठेवली आहे. रोज संध्याकाळी कॉलेजमधून आलो की आबा विचारतात, "लिवलंस का त्याचं नाव?" मी ओरडून सांगतो, "तुम्हाला आठवलं की लिहितो." आणि ते पुन्हा आठवू लागतात.

द्वितीय वर्ष, कला